तांदळावरचं नाव

दुसऱ्याची चूक दिसली की मला राहवत नाही. माहेरी पुण्यात कुणाची लग्नपत्रिका आली की आई आधी मुहूर्त बघायची आणि मी आधी छपाईच्या चुका. माझा नवरा उल्हास म्हणायचा, "तू देवळात गेलीस तर देवाचा मुकुटसुद्धा सरळ करून येशील." तेव्हा मी हसायची. याच खोडीपायी त्याचं आवडतं काम पणाला लागलं आणि मला काहीही करता आलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे दोष कुणाला द्यायचा यावर तुमचा वेळ जायला नको.

आम्ही टेक्ससमध्ये, प्लेनोला राहायचो. उल्हास पोंक्षे, रडारचा इंजिनियर. त्याची कंपनी सैन्यासाठी काम करायची आणि तो ज्या इमारतीत बसायचा तिच्या दाराशी पहारेकरी असायचा. आत जायला सरकारची परवानगी लागायची, तिला सगळे क्लिअरन्स म्हणत. आम्ही अमेरिकन नागरिक झालो त्याच वर्षी उल्हासला ती मिळाली. तेव्हा मी दुधाच्या पावडरीचे पेढे केले होते. ते दातांना चिकटत होते, तरी त्याने सात खाल्ले. त्याला आयुष्यात रडार सोडून दुसरं काही नको होतं, आणि ते काम त्या इमारतीबाहेर नव्हतं.

आमच्या शेजारी डेल कॉब राहायचा. साठीचा, एअर फोर्समधून रिटायर झालेला, बायको वारलेली. गॅरेजचं दार उघडं टाकून, पंखा लावून, घडीच्या टेबलावर पिवळ्या वह्यांमध्ये तो कादंबरी लिहीत बसायचा. १९८२च्या उन्हाळ्यात एकदा कुंपणावरून त्याने मला विचारलं, "मिसेस पोंक्षे, टायपिंग येणारं कुणी तुमच्या ओळखीचं आहे का?"

आता काय सांगू! पुण्यात सरकारी परीक्षेत मिनिटाला चाळीस शब्द, एक चूक नाही, पहिला वर्ग. अमेरिकेत आल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं. डाळ शिजवता येते का, साडी रोज नेसता का, हे विचारायचे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी डेलचा इलेक्ट्रिक टाइपरायटर माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणवला.

कादंबरी हेरगिरीची होती. नायक अर्थातच एअर फोर्समधून रिटायर झालेला, फक्त डेलपेक्षा वीस वर्षांनी तरुण आणि पोट नसलेला. तो रशियाचे हेर पकडतो. त्यात एका परदेशी शास्त्रज्ञाची बायको होती, जी नवऱ्याचे नकाशे चोरून रशियाला द्यायची. तिचं नाव लक्ष्मी. डेलला तेवढं एकच नाव माहीत होतं. या लक्ष्मीला खोटा पासपोर्ट न देता दुसरी ओळख कशी द्यायची, या पेचात तो महिनाभर अडकून पडला होता.

एका दुपारी तो लिहिलेले कागद द्यायला आला आणि भिंतीवरच्या फ्रेमकडे बघत राहिला. माझं टायपिंगचं प्रशस्तिपत्र मी हौसेने लावलं होतं.

"ही सुनेत्रा आपटे कोण?" त्याने विचारलं.

"मीच."

"तुमचं नाव तर मृणालिनी आहे."

मग मी त्याला सगळं सांगितलं. आमच्याकडे लग्नात मुलीचं फक्त आडनाव बदलत नाहीत, पुष्कळ घरांत नावच बदलतात. सासरी पाऊल टाकलं की ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यावर नवं नाव लिहितो, साखर वाटतात, झालं. मी सकाळी सुनेत्रा होते आणि संध्याकाळी मृणालिनी झाले. नाव उल्हासने निवडलं होतं. मला आवडलं का, हे कुणी विचारलं नाही. कुणालाच विचारत नाहीत.

डेलने हातातला आइस टीचा ग्लास खाली ठेवला. "आणि याची कुठल्या ऑफिसात नोंद?"

"ऑफिसात कशाला? तांदळावर लिहितात की," मी म्हटलं. तो खुर्चीतून उठलाच आणि जवळजवळ पळत घरी गेला.

आठवड्याने कागद आले. वाचून माझं डोकं फिरलं. एक जटाधारी गुरू लक्ष्मीवर गंगाजल शिंपडतो, तिच्या कपाळावर राख फासतो आणि तिच्या कानात नवं नाव पुटपुटतो! मागे घंटा वाजताहेत, एक हत्तीही उभा. मी तशीच कुंपणाशी गेले आणि डेलला हाक मारली.

"हे असलं काही नसतं," मी म्हटलं. "लोक काय म्हणतील? लिहायचंच तर नीट लिहा."

"मग तुम्हीच नीट करा," तो आनंदाने म्हणाला.

मी केलं. हत्ती काढला, गुरू काढला. ताट, तांदूळ, अंगठी, साखर, सगळं जागच्या जागी घातलं. पुढे एक प्रसंग होता, चौकशी अधिकारी लक्ष्मीला तिच्या दोन नावांबद्दल विचारतो आणि ती उत्तर देते. ते उत्तर डेलने अगदीच बावळट लिहिलं होतं. मी ते माझ्या शब्दांत लिहून काढलं, मला कुणी विचारलं असतं तर मी जसं सांगितलं असतं तसं. कादंबरीत अर्थातच ती खोटं बोलत असते. तिचं दुसरं नाव मॉस्कोहून आलेलं असतं आणि वाचकाला ते आधीच ठाऊक असतं. डेल म्हणाला, या पुस्तकातलं सगळ्यात पटणारं पान हेच आहे. मी दोन दिवस मिरवत होते.

शेवटी आभाराचं पान आलं. त्यात माझ्या दोन्ही नावांची वाट लावलेली. मी ती दुरुस्त केली आणि टाइप केलं, 'मृणालिनी पोंक्षे, पूर्वीच्या सुनेत्रा आपटे, यांच्याशिवाय हे पुस्तक झालं नसतं.'

१९८४च्या वसंतात पुस्तक निघालं आणि डेलच्या स्वप्नातही नव्हतं इतकं खपलं. औषधांच्या दुकानात, विमानतळावर, पेट्रोल पंपावर, जिकडे तिकडे तेच. लगेच बातमी आली की ही मालिका होणार, लक्ष्मी शेवटी निसटते ती पुढच्या पुस्तकात परत येणार. मी एक प्रत पुण्याला आईला पाठवली. तिने सत्यनारायणाला आलेल्या सगळ्यांना आभाराचं पान दाखवलं.

त्या ऑक्टोबरात एका मंगळवारी उल्हास दुपारी तीनलाच घरी आला. मागच्या गल्लीतून गाडी गॅरेजमध्ये शिरल्याचा आवाज आला, पण तो घरात येईना. मी गॅरेजमध्ये गेले तर तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला.

"क्लिअरन्सच्या फॉर्मवर तुझं लग्नाआधीचं नाव विचारलं होतं," तो म्हणाला. "मी काय लिहिलंय माहितीये? मृणालिनी आपटे. आणि अदर नेम्स, म्हणजे इतर नावं, त्याच्यापुढे लिहिलंय, काही नाही."

"मग बरोबरच आहे की," मी म्हटलं.

 मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. मृणालिनी आपटे नावाची बाई जगात कधी जन्मलीच नव्हती. आपटे होती ती सुनेत्रा, आणि मृणालिनी झाली ती पोंक्षे. पण आपल्या डोक्यात ते तसं नसतंच. जुनं नाव म्हणजे 'दुसरं नाव' थोडंच असतं? ते संपलेलं असतं. उल्हासने फॉर्म भरला, मी तो तपासला. मीसुद्धा तपासला! स्पेलिंग बघितलं, तारखा बघितल्या, आणि खाली सही करायला सांगितली.

झालं असं, की उल्हासच्या एका सहकाऱ्याने विमानात पुस्तक वाचलं आणि जेवणाच्या वेळी हसत हसत सगळ्यांना आभाराचं पान दाखवलं. "अरे अल," उल्हासला तिथे अल म्हणत, "तुझी बायको फेमस झाली! पण दोघींतली कुठली ती?" उल्हास सरळ माणूस. त्याने सगळी हकीगत सांगितली. ऐकणाऱ्यांत कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसचा माणूस होता, त्याने जाऊन जुना फॉर्म काढला.

पुढच्या महिन्यात मला बोलावलं. सरकारकडून मिस्टर प्रूइट म्हणून एक अधिकारी आले होते. सभ्य गृहस्थ. मी आत गेले तेव्हा उठून उभे राहिले, मला कॉफी दिली. समोर टेबलावर उल्हासचा फॉर्म होता आणि त्याच्या शेजारी डेलचं पुस्तक, आत पिवळ्या कागदाच्या खुणा घातलेलं.

"मॅडम, मृणालिनी आपटे कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हटलं. "ती चूक आहे."

"आणि सुनेत्रा आपटे?"

मी सांगायला सुरुवात केली. ताट, तांदूळ, अंगठी. ते लिहून घेत होते, ते हळूहळू थांबले. मी साखरेपर्यंत आले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं, पुस्तक उघडलं, आणि माझ्यापुढे सरकवलं.

लक्ष्मीचं उत्तर. मी आत्ता जे बोलत होते ते तिथे छापलेलं होतं, शब्दाला शब्द. त्यातला स्वल्पविरामसुद्धा माझा होता.

"हे मी लिहिलंय," मी म्हटलं.

"म्हणजे हे उत्तर तुम्ही आधीच तयार केलं होतं?"

"नाही हो. ते खरं आहे म्हणून तसं लिहिलं."

"पण पुस्तकात ती खोटं बोलते आहे."

"पुस्तकात! मी नाही."

त्यांनी मान हलवली. त्या माणसाच्या मनात माझ्याबद्दल वाईट काही नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली. ते म्हणाले, "मॅडम, याला काही पुरावा? साक्षीदार? कागद?"

"पन्नास माणसं होती. पुण्याला."

"आणि ते तांदूळ?"

"भात केला असेल," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

महिना संपायच्या आत उल्हासचा क्लिअरन्स स्थगित झाला. कंपनीने त्याला काढलं नाही, पुढच्या इमारतीत बसवलं. तिथे पहारेकरी नव्हता, मोठी खिडकी होती, आणि काम होतं सुट्या भागांचे कॅटलॉग तपासायचं. तो रोज वेळेवर जायचा, वेळेवर यायचा. मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

मग मला आमच्या महाराष्ट्र मंडळातली मीनाक्षी आठवली. तिचा नवरा गुरुदत्त उल्हासच्याच कंपनीत, त्याच कुलुपातल्या इमारतीत होता. मीनाक्षी लग्नाआधीची विनीता. मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "ही आपली पद्धत आहे, एवढं एक पत्र लिहून दे. तुझंही नाव बदललंय म्हणून सांग. बस."

तिने चहाचं भांडं गॅसवरून उतरवलं आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"काल रात्री गुरुदत्तने आमच्या फॉर्मची कॉपी काढून बघितली," ती म्हणाली. "त्यानेही तेच लिहिलंय गं. सेम."

मंडळातल्या निम्म्या बायका दोन नावांच्या. त्या आठवड्यात प्लेनो आणि रिचर्डसनमधल्या प्रत्येक मराठी घरात जुन्या फायली उघडल्या गेल्या असतील. त्यानंतर आम्हाला फोन येणं बंद झालं. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं कुणाचंच नव्हतं. मला राग आला, फार आला, पण मीनाक्षीच्या जागी मीही पाठच केली असती.

भावाने पुण्याहून स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र पाठवलं, खाली भटजींची आणि दोन मामांची सही. मिस्टर प्रूइटनी ते फायलीला लावलं आणि म्हणाले, "तारीख पुस्तक निघाल्यानंतरची आहे." मग डेलने आपण होऊन पत्र लिहिलं. बिचारा, कळल्यापासून नीट जेवतही नव्हता. त्याने लिहिलं, सगळं काल्पनिक आहे, मिसेस पोंक्षेंनी मला फक्त मदत केली. त्यावर त्यांनी त्याला चार तास बसवून विचारलं, आणखी कशाकशात मदत केली? रडारची माहिती कुणी दिली? ती त्याने लायब्ररीतून घेतली होती, आणि ती निम्मी चुकीची होती. पण छापायच्या आधी माझ्या नवऱ्याने ती वाचलीच नव्हती, म्हणून दुरुस्तही केली नव्हती. तेवढाच एक पुरावा आमच्या बाजूचा, आणि तो सांगायचा कसा? त्यातलं चुकीचं काय हे सांगणं म्हणजे गुपितच फोडणं.

आम्ही अपील केलं. वकील म्हणाला, वेळ लागेल, वर्ष, दीड वर्ष. १९८५च्या एका रविवारी डेल आमच्या दारात उभा राहिला. टोपी हातात, बगलेत पिवळ्या वह्या.

"दुसऱ्या पुस्तकात मी तिला निर्दोष सोडवतो," तो म्हणाला. "लक्ष्मी खरं बोलत होती, असं शेवटी सिद्ध होतं. तांदूळ खरेच होते. जे पहिलं वाचतात ते दुसरंही वाचतातच. तुमचे ते मिस्टर प्रूइटसुद्धा."

मी दार लावून घेणार होते. मागून उल्हास म्हणाला, "टाइप कर."

"वेडा आहेस का तू?"

"तिला सोडवत असेल तर टाइप कर, मृणाल."

दोन शिकलेली माणसं, त्यातला एक इंजिनियर, आणि आमची सगळी आशा एका पेट्रोल पंपावर विकल्या जाणाऱ्या कादंबरीवर. हसू येण्यासारखं आहे, पण आम्ही हसलो नाही. मी हिवाळाभर टाइप करत होते. उल्हास कामावरून आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, "कुठपर्यंत आली?" मी सांगायची, आज तिला वकील मिळाला. आज तिची आई सापडली. आज भटजींनी साक्ष दिली. तो मान हलवायचा आणि मग जेवायला बसायचा. शेवटचं प्रकरण मी मार्चमध्ये टाइप केलं. न्यायाधीश म्हणतो, या बाईने एकही शब्द खोटा सांगितलेला नाही. त्या दिवशी उल्हासने मला ते पान मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा.

तो कागद खाली ठेवून म्हणाला, "तुला हे नाव आवडलं का, मी कधी विचारलंच नाही."

"आवडलं नव्हतं," मी खरं सांगितलं. "आता सवय झाली."

डेल कागद घेऊन न्यूयॉर्कला निघाला तेव्हा मी त्याला कुंपणापाशी गाठलं. "एक करा. या वेळी आभारात माझं नाव नको. ना हे, ना ते."

"शब्द देतो," तो म्हणाला. छातीवर हात ठेवून म्हणाला.

सप्टेंबर १९८६मध्ये अपिलाची तारीख लागली, बावीस. सोळा तारखेला दुपारी टपालातून पुस्तक आलं. डेल तेव्हा प्रकाशकाने ठरवलेल्या दौऱ्यावर होता, सोबत त्याची चिठ्ठी होती. मला माफ करा, असं तिची सुरुवात होती. संपादकांना निर्दोष लक्ष्मी नको होती. वाचक तिला घाबरतात म्हणूनच तिला वाचतात, असं ते म्हणाले. त्याने दोन दिवस वाद घातला, पण मालिकेचा करार होता. शेवट तिथेच बसून दुसऱ्या कुणीतरी बदलला.

मी उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण वाचलं. भटजी खोटा निघतो. प्रतिज्ञापत्र बनावट निघतं. न्यायाधीशाचं वाक्य तसंच ठेवलं होतं, माझ्या टायपिंगमधलं, फक्त ते फसलेल्या माणसाचं वाक्य झालं होतं. आणि लक्ष्मी पुन्हा निसटते.

उल्हास साडेपाचला आला. पुस्तक टेबलावर पाहून त्याने बूट काढले नाहीत. मी त्याला शेवट सांगितला. तो खुर्चीत बसला, पुस्तक उघडलं, आणि मागून पुढे पानं चाळत चाळत पहिल्या पानांपर्यंत आला. तिथे थांबला.

"तू आभारात नाव नको म्हणून सांगितलं होतंस ना?"

"हो. शब्द दिला होता त्याने."

"पाळलाय त्याने," उल्हास म्हणाला आणि पुस्तक माझ्याकडे वळवलं.

अर्पणपत्रिकेच्या पानावर मधोमध एकच ओळ होती. डेलने ती मनापासून लिहिली असणार, मला तो माहीत आहे.

'माझ्या शेजारणीस, जिने या वेळी आपलं कुठलंच नाव छापू नका असं मला बजावलं.'

मिस्टर प्रूइटनी हे विकत घेतलं असेल का? बावीस तारखेपर्यंत तिथे कुणी खूण घालील का? मी ओळ पुन्हा वाचली. उल्हास माझ्याकडे बघत होता. दोन वर्षांत तो मला एकदाही रागाने बोलला नव्हता, आणि आताही नाही बोलला.

"काही चूक आहे का त्यात?" त्याने विचारलं.

मी शोधली. खरंच शोधली, एकेक शब्द करून.

"नाही," मी म्हटलं. "एकही नाही."